भूकंपाच्या गावी कामाला जाताय? आधी खोली बघा

जळगाव-धुळ्याहून पाईपलाईन, वायरिंग किंवा बांधकामासाठी भूकंपग्रस्त शहरात जाणार असाल, तर भाडं ठरवण्याआधी इमारतीची तपासणी झाली आहे का ते विचारा. खांबावर किंवा खांब-तुळईच्या जोडावर तिरपी भेग दिसली, की बॅग उचलायची आणि दुसरी खोली बघायची. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेघेची गोष्ट वेगळी.

‘आता काय व्हायचंय’ म्हणू नका. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा. म्हणून झोपताना बूट आणि टॉर्च उशाशी हवेतच. अंधारात फुटक्या काचेवर अनवाणी पाय पडला, तर काम तिथेच संपलं. हादरा सुरू असताना जिन्याकडे धावू नका. भक्कम टेबलाखाली डोकं झाकून बसा, थांबल्यावर बाहेर पडा. लिफ्ट नाहीच.

पाणी उकळून प्या. रोख, तीही सुट्ट्या नोटांत, जवळ ठेवा. वीज आणि नेटवर्क गेलं की मोबाईलने पैसे जात नाहीत. पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. आणि पडक्या घरांपुढे सेल्फी काढू नका, तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.