घटका भरली, आता बाहेर या!

दुकानातून आणलेलं रबरी बदक मी एकदा कात्रीने उभं कापलं. आतून काळंकुट्ट आणि बुळबुळीत. पोटाच्या भोकातून पाणी आत शिरतं, पण आत वारा लागत नाही, मग बुरशी धरणारच. आणि तेच बदक पिळून माझी चार वर्षांची लेक दीड वर्षाच्या भावाच्या तोंडावर पिचकाऱ्या मारत होती! तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम: जे उघडून उपडं घालता येत नाही, ते आंघोळीला येत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या बाथरूममध्ये कपडे भिजवायचा निळा टब कसाबसा मावतो. त्यात बसून खेळायला लागणारं सगळं घरातच निघतं.

सगळ्यात सोपा पाऊस. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, जरा जाड बघून. गरम केलेल्या दाभणाने बुडाला आठ-दहा भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं. भोकं कुठे हवीत ते मार्करने मुलांनी दाखवायचं. लेकीने डोळे-नाक काढून तिथेच पाडायला लावली. बाटली पाण्यात बुडवून भरा, झाकण घट्ट लावा आणि उचला. बाटली न दाबता नुसती धरली तर पाणी थांबतं, कारण वरून हवा आत जात नाही. झाकण सैल केलं की पाऊस. डोक्यावर पाणी घेताना भोकाड पसरणारा धाकटा या पावसाखाली मात्र मान वर करून बसतो.

स्टेशनरीच्या दुकानातली फोम शीट कापून मासे करा. ओले केले की फरशीच्या टाइल्सना चिकटतात. तुकडे तळहाताएवढे ठेवा, लहान नकोत, तोंडात जातात. थर्माकोल तर नकोच. चावला की त्याचे मणी होतात.

आता आमचा लाडका खेळ, बुडता डबा. कल्पना सासूबाईंची. पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राने मोजायचे: बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. मी श्रीखंडाच्या पाव किलोच्या डब्याला दाभणाने मधोमध एकच भोक पाडलं आणि ऐटीत पाण्यावर सोडला. डबा काठोकाठ भरला, पण बुडेना. ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, बुडणार कसं? मग कुंडीतला एक गुळगुळीत गोटा धुऊन आत ठेवला, साधारण शंभर ग्रॅमचा, मुलांच्या तोंडात न मावणारा. गोटा कडेला गेला की डबा कलंडतो, म्हणून तो बरोब्बर मधे ठेवायचं काम लेकीचं. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ठेवते! आधी भोकातून कारंजं उडतं, मग पाणी चढतं, आणि शेवटी डबा गुडुप. आमचा तीनेक मिनिटांत बुडतो. भोक मोठं केलं की लवकर, बारीक ठेवलं की उशिरा. दोन डबे करून शर्यतही लावता येते.

पाणी कोमट, आपल्या कोपराने पाहिलेलं. मुलं टबात असताना दाराची बेल वाजली तर वाजू द्या. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. आंघोळ झाली की टब लगेच रिकामा, आणि खेळणी गॅलरीत जाळीच्या टोपलीत उपडी.

तिसऱ्यांदा डबा बुडाला की सासूबाई बाहेरून ओरडतात, “भरली गं घटका, या बाहेर!” आठवडाभर दोघंही मुकाट्याने आली. काल मात्र घटका काही केल्या भरेना. आत डोकावले, तर लेक डब्याखाली हात घालून भोकावर अंगठा दाबून बसलेली.