डॉक्टर फिश घरच्या टाकीत, सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात

फिश स्पामध्ये, म्हणजे पायाची सुटलेली त्वचा खाणाऱ्या डॉक्टर फिशच्या टाकीत, एकदा पाय बुडवून आलं की बऱ्याच जणांना वाटतं हेच मासे घरी आणू आणि रोज पाय बुडवून बसू. मासे जरूर आणा, फार चपळ आणि तासभर बघत बसावं असे आहेत, पण पाय साफ करायचं मशीन म्हणून आणणार असाल तर नका आणू. हा मासा मुळात दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा आहे, चामडीच्या मागे तो लागतो ते पोट रिकामं असलं की, म्हणजे रोज पायाला चिकटायला हवा असेल तर त्याला रोज उपाशी ठेवावं लागेल आणि ते मला अजिबात पटत नाही. पोटभर खायला घाला, तरीसुद्धा हात घातला की चार-दोन येऊन टोचून जातातच, तेवढ्यात मजा आहे.

डॉक्टर फिशचं खरं नाव गारा रुफा, आपल्या रोहूच्याच कुळातला. मूळचा तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणकडच्या नद्यांतला. तुर्कस्तानात कंगल म्हणून गाव आहे, तिथल्या गरम झऱ्याचं पाणी ३५ डिग्रीच्या आसपास असतं, त्यात खायला फारसं काही मिळत नाही म्हणून तिथले मासे माणसाची सुटलेली त्वचा खातात आणि सोरायसिस या त्वचेच्या आजाराचे पेशंट लांबून तिथे जाऊन बसतात. सोरायसिस त्याने कायमचा जात नाही हे मात्र लक्षात ठेवा.

घेताना एक गोष्ट नीट बघा. गारा म्हणून तिलापियाची पिल्लं खपवतात, त्याला चिन चिन असंही म्हणतात. गाराचं अंग लांबट गोलसर, तोंड खालच्या बाजूला, ओठाजवळ बारीक मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवरचा पर आखूड. तिलापिया उंच आणि चपटा, तोंड समोर, पाठीवरचा पर लांबलचक आणि काटेरी. गाराच्या जबड्यात दातच नसतात, तिलापियाला असतात, मोठा झाला की रक्त काढतो. दुकानदाराला सांगा मासा काचेच्या छोट्या डब्यात घालून दाखव, खालून तोंड बघितलं की शंका राहत नाही.

टाकी निदान ३ फुटांची घ्या. ३६ बाय १२ बाय १५ इंचाची टाकी म्हणजे साधारण १०० लिटर पाणी, त्यात सहा-सात मासे आरामात राहतात. एकटा ठेवू नका, घोळक्यात राहणारा मासा आहे, एकटा असला की कोपऱ्यात दबून बसतो. दुकानात दोन-तीन सेंटिमीटरचे दिसतात म्हणून बाउलमध्ये ठेवायचा विचार करू नका, मोठे होऊन १०-१२ सेंटिमीटर होतात. टाकीखाली थर्माकोल, वर झाकण पाहिजेच कारण काचेला चिकटत वर सरकतात आणि उडीही मारतात. आत नदीतले गुळगुळीत गोटे टाका आणि पॉवर फिल्टरची धार दगडांवर सोडा, वाहत्या पाण्यातला मासा आहे, धारेच्या तोंडाशी दगडाला चिकटून सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले दिसतात.

आता खरा विषय, पाणी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ताज्या पाण्यात क्लोरीन असतं ते माशाच्या कल्ल्यांना जाळतं. माशांसाठी एक बॅरल वेगळा ठेवा, ज्याच्यात साबणाचा मग कधीच बुडत नाही असा, पाणी आलं की भरा आणि तोंडाला कापड बांधून एक-दोन दिवस एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावून बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला. बोअरचं जड पाणी या माशाला चालतं, पीएच (पाणी आम्लारी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७ ते ८ ठीक, पण फारच खारट असेल तर नळाचं मिसळा. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदला. उन्हाळ्यात पाणी उडतं म्हणून नुसतं वरून भरत राहिलात तर क्षार आतच साठत जातात, म्हणून थोडं काढायचं आणि मग भरायचं.

आणि टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये बसायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. आपल्याकडे याकडे जास्त लक्ष द्यायला पाहिजे कारण पाण्याचा पीएच आणि तापमान जेवढं जास्त तेवढा अमोनिया जास्त विषारी, आणि सोलापुरात दोन्ही असतं.

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ डिग्री झालं की टाकीतलं पाणी सहज ३२ च्या वर जातं. बरं वाटतं ते २४ ते २८. हा मासा गरम पाणी सोसतो पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप चोवीस तास चालू, टाकीवरची लाईट कमी, झाकणाच्या जागी जाळी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅन, दोन-तीन डिग्री उतरतात. बर्फाचे तुकडे एकदम टाकू नका, अचानक थंड झालं की आजारी पडतात. पंप इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर बॅटरीवाला आणून ठेवा, दुपारी लाईट गेली आणि मासे वर येऊन तोंड मारायला लागले तर वेळ फार नसतो. थंडीत १०० वॉटचा हीटर २५ वर लावून ठेवला की झालं.

खायला बुडणारं स्पिरुलिनाचं (एक प्रकारचं शेवाळ) फूड, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडीची चकती, आठवड्यातून एकदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटांत संपेल तेवढंच. मागच्या काचेवरचं शेवाळ पुसू नका, दिवसभर तिथेच चरत असतात.

हात घालायचा असेल तर आधी नुसत्या पाण्याने खूप धुवा, साबण, क्रीम, मच्छरचं लोशन काहीही नको. जखम, फोड, नायटा असेल किंवा घरात कुणाला डायबेटिस असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी अजिबात नाही. पाहुण्यांना तर नाहीच, कारण एकाच्या पायाचं दुसऱ्याला जायला तेच पाणी पुरतं आणि मासा काही उकळून निर्जंतुक करता येत नाही. २०११ मध्ये इंग्लंडला इंडोनेशियातून आलेल्या गारा माशांमध्ये स्ट्रेप्टोकॉकसचा एक प्रकार सापडला होता जो माणसालाही आजारी पाडू शकतो. म्हणून नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट, पाणी हळूहळू ३० डिग्रीपर्यंत न्या, हवा वाढवा आणि औषध दुकानदाराला विचारून द्या.

नको झाले तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, सिद्धेश्वर तलावात किंवा भीमेत सोडू नका, भीमेत गाराचे आपले स्वतःचे भाऊबंद राहतात आणि बाहेरचा रोग त्यांना लागतो.

गावाला जाताना चार-पाच दिवस खाणं नाही मिळालं तरी मोठ्या माशांना काही होत नाही, शेवाळ असतंच. शेजारी चावी द्या पण फूडचा डबा आत कपाटात ठेवून जा, नाहीतर उपाशी दिसतात म्हणून मूठभर टाकतात आणि पाणी नासतं, त्यांना एवढंच सांगा की लाईट जाऊन आली की पंपाचे बुडबुडे येतायत का ते बघा.