जुनी प्रलयकथा मालिकेसाठी नव्यानं लिहिताय? या चुका टाळा

गेलं दीड वर्ष आम्ही सहा जण बेळगावात टिळकवाडीतल्या एका माडीवर दर रविवारी जमतो आणि एका जुन्या विज्ञानकथेवरून आठ भागांची मराठी मालिका लिहितो. कथा जॅक लंडनची, 'द स्कार्लेट प्लेग', १९१२ साली छापलेली. तिच्यात २०१३ साली एका साथीत जग ओस पडतं. साठ वर्षांनी, २०७३ मध्ये, एक म्हातारा प्राध्यापक सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्रकाठी बसून कातडी पांघरलेल्या नातवांना ती हकीकत सांगतो आणि नातवांना त्यातलं निम्मंही कळत नाही. आम्ही हा म्हातारा खानापूर ते गुंजीच्या रेल्वेमार्गावर आणून बसवलाय.

पाच भाग लिहून झाले, तेही प्रत्येकी तीन-तीनदा फाडून. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना गेलं की कुणीतरी तरुण पोर वही पुढं करतं आणि त्या वहीत आम्ही केलेल्याच चुका मला पुन्हा दिसतात. म्हणून हे लिहितोय.

हक्क न तपासता सुरुवात करणं

हे आधी उरकून टाका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो आणि ती वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. जॅक लंडन १९१६ साली गेला, त्याची कथा मोकळी आहे. 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' ही चालणाऱ्या विषारी झाडांची प्रलयकथा लिहिणारा जॉन विंडम १९६९ साली गेला, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्याच्या कादंबरीला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मूळ कथा मोकळी असली तरी तिचा अलीकडचा अनुवाद मोकळा नसतो. अनुवाद समोर ठेवून संवाद लिहू नका, मूळ वाचा.

साथीतच तीन भाग घालवणं

आमच्या पहिल्या खर्ड्यात म्हातारा चौथ्या भागात उगवत होता. त्याआधी दवाखाने, बातम्या, रिकामे रस्ते, मास्क. वाचून दाखवताना मंडळी खाली बघू लागली. हे सगळं त्यांनी भोगलंय. २०२१ मध्ये कोगनोळीच्या सीमानाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट हातात धरून ताटकळलेला माणूस तुमच्या मालिकेतला बंद रस्ता बघून दचकणार नाही, त्याला स्वतःचा दिवस आठवेल आणि तो चॅनल बदलेल.

मूळ कथेत काय केलंय ते नीट बघा. साथ कधी डोळ्यांसमोर घडत नाही, ती आठवणीतून येते. चेहरा लाल होतो, टाचा बधिर होतात, बधिरपणा वर चढत काळजापर्यंत पोचतो की माणूस गेला, बहुतेकदा तासाभरात. म्हातारा हे सांगत असतो तेव्हा पोरांचं लक्ष खेकड्याकडे असतं. सगळी ताकद या दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे.

उपाय एकच, सांगणाऱ्याला पहिल्या दृश्यात आणा. आणि साथीच्या वर्णनाला खोली हवी असेल तर ती आपल्याच भागात शोधा. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढं बेळगाव-धारवाडकडे सरकला, आणि त्याच जागतिक साथीनं १९०० साली सॅन फ्रान्सिस्को गाठलं. जॅक लंडन तिथल्याच खाडीच्या काठचा माणूस. म्हणजे त्याची कथा आणि आमच्या गावांतली 'गाव बाहेर पडलं होतं' ही आठवण एकाच साथीच्या आसपासच्या आहेत. गाव सोडून माळावर झोपड्या मारून राहायचं, कुणी घराकडं फिरकायचं नाही, असं माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. आमच्या दुसऱ्या भागातल्या माळावरच्या झोपड्या तिथून आल्या.

खलनायक आणि कट घुसडणं

टीव्हीवाल्यांशी पहिलीच बैठक झाली की ही सूचना येतेच, 'हे कुणी घडवलं ते दाखवा.' ब्रिटनमध्ये १९७५ ते ७७ या काळात 'सर्व्हायव्हर्स' नावाची मालिका झाली. तिच्या शीर्षकदृश्यात एका शास्त्रज्ञाच्या हातून काचेचं भांडं पडतं, साथीचं कारण तेवढ्यावर संपतं, आणि मग सगळी मालिका एकच विचारत राहते, की साधी रोजची वस्तू मुळापासून बनवायची झाली तर आपल्यापैकी कुणाला येते? २००८ साली ती नव्यानं केली तेव्हा एक प्रयोगशाळा आली, वाचलेल्या बाईच्या रक्तामागे लागलेले लोक आले. बारा भागांत ती आटोपली, धागे लोंबकळतच राहिले. माझ्या मते प्रयोगशाळा आली तिथंच भाकरी कोण थापणार हा प्रश्न मागं पडला.

काळ बदलला तर वस्तू बदला, प्रश्न बदलू नका. 'ट्रिफिड्स'च्या १९६२ च्या चित्रपटानं समुद्राच्या पाण्यात त्या झाडांवर आयता तोडगा काढला आणि भीतीच विरघळली. २००९ च्या बीबीसी आवृत्तीत तीच झाडं इंधनाच्या तेलासाठी, तापमानवाढ रोखायला म्हणून लावलेली दाखवली. हा बदल मला पटतो. माणूस आपल्या गरजेपायी ज्याला पोसतो त्याच्याच तावडीत सापडतो, हे कादंबरीतलं मूळ तिथं तसंच राहिलं.

सांगणाऱ्याचं सगळं खरं धरणं

ही चूक आम्ही सर्वांत उशिरा ओळखली आणि ती सर्वांत महाग पडली.

लंडनच्या कथेत एक शोफर, म्हणजे मोटारीचा ड्रायव्हर आहे, बिल. प्राध्यापक त्याला जनावर म्हणतो. का? तर त्यानं व्हेस्टा नावाच्या धनाढ्य घरच्या बाईला मारझोड करून राबायला लावलं. मारझोड वाईटच. पण प्राध्यापकाचा खरा संताप कशावर आहे ते कान देऊन ऐका. पूर्वी जो खालच्या मानेनं दार उघडायचा त्यानं वरच्या घरातली बाई घरात घातली, यावर. लंडनच्या काळात वर्ग आणि वंश यांबद्दल जे बोललं जायचं ते त्या पानांत शिरलेलं आहे. ते तसंच्या तसं उचलून बेळगावात आणलं की त्याला इथं आपोआप जात चिकटते. आमच्या खर्ड्यात प्राध्यापक आडनावासकट आला, ड्रायव्हर आडनावाशिवाय आला, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं ते आमच्यातल्या एकानं. तो गळिताच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो आणि उरलेल्या वेळात नाटकात काम करतो. तिसऱ्या भागाचं वाचन संपलं, चहा आला. त्यानं कप घेतला नाही. म्हणाला, "सर, ड्रायव्हर वाईट हाय म्हणून कोण सांगूलंय? आज्जाच न्हवं? मग त्यो ड्रायव्हर कधी बोलणार?"

त्या दिवशी काम तिथंच थांबलं. पुढच्या रविवारी आम्ही तक्ता मांडला. म्हाताऱ्यानं सांगितलेली प्रत्येक घटना एका बाजूला, आणि ती आणखी कुणी बघितली असती तर कशी सांगितली असती ते दुसऱ्या बाजूला. डिझेल संपल्यावर बैलजोडी कुणी वळवली, प्राध्यापकानं की ड्रायव्हरनं? विहिरीत उतरून गाळ कुणी उपसला? साठ वर्षांत जे जगले ते कुणाच्या हातगुणानं जगले? आता आमचा पाचवा भाग अख्खा त्या बाईच्या तोंडून आहे. मूळ कथेत तिच्या वाट्याला फार थोडं बोलणं आलंय. आमच्याकडं ती ड्रायव्हरला माफ करत नाही, आणि तिच्यासाठी काहीही न करता तिच्यावर पुढं साठ वर्षं हळहळणाऱ्या प्राध्यापकालाही माफ करत नाही.

तुमच्या जुन्या कथेत जो बोलत नाही त्याची यादी करा आणि एक भाग त्याला द्या. हे बिल आणि व्हेस्टापुरतं नाही. त्या काळच्या बहुतेक प्रलयकथांत सांगणारा शिकलेला पुरुष असतो आणि भाकरी दुसरंच कुणीतरी करत असतं.

सगळ्यांच्या तोंडी पुण्याची मराठी घालणं

मूळ कथेत एक लहानशी जागा आहे. म्हातारा साथीला 'स्कार्लेट' म्हणतो आणि नातू चिडतो, की लाल ते लाल, मग असला अवघड शब्द कशाला? जग गेलं म्हणजे काय गेलं, ते त्या एका शब्दावरून कळतं. आम्ही ते असं केलं:

"किरमिजी मरण म्हणायचे त्याला."
"किरमिजी म्हंजे काय, आज्जा?"
"लाल. गडद लाल."
"मग तांबडं म्हण की. उगी कायतरी बोलूलास."
दुसरा पोरगा शेळीच्या मागनं ओरडतो, "केंपु! केंपु म्हणतेत त्येला!"

या तिसऱ्या ओळीसाठी आम्ही महिनाभर भांडलो. एकाला वाटत होतं, मराठी मालिकेत कानडी शब्द आला तर लोक काय म्हणतील. पण साठ वर्षांनी जी मूठभर माणसं उरतील त्यांत देसूरचा एक, बैलहोंगलचा एक, निपाणीची एक बाई असं असणार. त्यांची पोरं एकाच विहिरीवर पाणी भरणार. ती पोरं जे बोलतील ते कुठल्याच शाळेत शिकवलेलं नसेल. आम्हा सीमाभागातल्या माणसांना मराठीसाठी किती जपावं लागलं ते मला ठाऊक आहे, माझ्या घरानं त्यासाठी किंमत मोजली आहे. म्हणूनच सांगतो, पोरांच्या तोंडी खोटी मराठी घालून तिचं रक्षण होत नाही. म्हाताऱ्याची मराठी नेटकी ठेवा, पोरांची मोडकी ठेवा, आणि त्या दोहोंमधलं अंतर बघणाऱ्याला ऐकू येऊ द्या.

दुसरी बाजूही आहे. गावाकडची बोली दिसली की दिग्दर्शक तिच्यावर हशा काढायला बघतात. लिहितानाच खबरदारी घ्या. वरच्या दृश्यात हसू आलं तर ते म्हाताऱ्याच्या हतबलतेवर येतं, आणि लगेच गिळलंही जातं.

साठ वर्षांचा हिशेब न करणं

प्रलयानंतर दहा वर्षांनी मोटरसायकलवरून फिरणारा नायक दिसला की मी वही बंद करतो. पेट्रोल वर्षभरातच खराब होतं, डिझेल थोडं जास्त टिकतं. मोबाईल टॉवरची बॅटरी काही तासांची. बेळगावला राकसकोप धरणाचं पाणी पंपावर येतं, वीज गेली की नळ गेला. ऊस एक-दोन हंगाम तुरे काढून आडवा होतो, पाणी नसल्यानं खोडव्याचा जोर सरतो, मग बाभळ येते. खानापूरकडं घाणेरी आणि रानमोडी रस्ता खातात आणि गवे गावठाणात चरायला उतरतात.

साठ वर्षांनी सिमेंटच्या इमारतींतली सळई गंजून स्लॅब खाली आलेले असतील, वासे कुजून मंगळुरी कौलं जमिनीवर असतील, पण बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर कमलबस्ती आणि हलशीची देवळं दगडाची आहेत, ती उभी असतील. लंडननं रेल्वेच्या भरावावर रुळाचं टोक उचलून धरलेलं एक झाड दाखवलंय. आमच्याकडं ते काम जांभळीनं केलंय. त्याच्या म्हाताऱ्याला नातू २०१२ सालचं नाणं दाखवतो, आमच्या म्हाताऱ्याला स्टेनलेस स्टीलचा रुपया मिळतो, न गंजलेला. त्यावरचं साल वाचता येणारा तो शेवटचा माणूस आहे. पोरं वर्षं मोजतात ती कर्नाटकी बेंदरावरून, म्हणजे बैलांवरून.

मूळ कथेतला म्हातारा पुस्तकं एका कोरड्या गुहेत ठेवतो, सोबत बाराखडी समजावी म्हणून किल्ली लिहून ठेवतो. आम्हीही खानापूरच्या रानात पुस्तकं ठेवून मोकळे झालो होतो. मग कुणीतरी म्हणालं, घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा अथणीला वर्षात पडत नाही, आणि उरलं काम वाळवी करते. पुस्तकं पहिल्याच पावसाळ्यात लगदा झाली असती. आता म्हातारा ती बैलगाडीतून पूर्वेला, कोरड्या मुलखात हलवतो. त्या प्रवासातून आम्हाला चौथा भाग मिळाला, आणि तो पाचांतला सर्वांत चांगला आहे.

जागा निवडताना हेच धोरण ठेवा. राजहंसगडावरून ड्रोन उडवला म्हणून कथा बेळगावची होत नाही. गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकातच पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालली, तेव्हा सातव्या भागात पोरांना फिरणारं चाक पुन्हा कुठं सापडावं, हे आम्हाला ठरवावं लागलं नाही.

शेवटी सुटका दाखवणं

दुसऱ्या पर्वाची आशा म्हणून क्षितिजावर विमान, रेडिओवर आवाज, कुठंतरी शाबूत असलेलं सरकार, हे सगळं काढून टाका. शेवटचा भाग लिहिण्याआधी त्या माणसांच्या हाती पुढच्या पेरणीला काय आहे ते ठरवा. आमच्या आठव्या भागात भाताची कणगी उघडतात. निम्म्या बियाण्याला कीड लागलेली आहे, मिरग पंधरा दिवसांवर आहे, आणि खायचं किती, पेरायचं किती यावर ड्रायव्हरची नात आणि प्राध्यापकाचा नातू समोरासमोर उभे आहेत. त्या भागाचा कच्चा खर्डा या रविवारी वाचायला घेतोय. ट्रॅक्टरवाल्याला ड्रायव्हरच्या नातीची ओळ पटलेली नाही. तो म्हणतो, बी मोजताना ती आधी वास घेईल, बोलेल नंतर.