लांब लेखांची साइट आणि जीए४

आमच्या साइटवर लांबलचक लेख असतात. वाचक गूगलवरून येतो, एकच लेख वाचतो आणि जातो. साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं साधन, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, अशा भेटीला 'बाउन्स', म्हणजे आल्या पावली परत गेलेली भेट, धरायचं. वाचकाने दहा मिनिटं वाचलं तरी वेळ शून्य, कारण पुढचं पान उघडल्याशिवाय त्या साधनाला वेळ मोजताच यायचा नाही. मन लावून लिहिलेले लेख आकड्यांत नापास दिसायचे, आणि ते फार लागायचं.

१ जुलै २०२३ ला जुन्यात डेटा घेणं बंद होणार होतं. त्याआधीच त्याच्या जागी आलेल्या जीए४ चा (गूगल ॲनालिटिक्स ४) टॅग, म्हणजे पानांत टाकायचा छोटा कोड, लावून दोन्ही समांतर चालवले. जीए४ मध्ये भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली तरी ती 'एंगेज्ड', म्हणजे वाचक गुंतलेला, धरतात. 'एन्हान्स्ड मेजरमेंट' हे सेटिंग चालू असलं की पान ९० टक्के खाली स्क्रोल होणं, पीडीएफ डाउनलोड, बाहेरच्या लिंकवरचे क्लिक आपोआप नोंदले जातात. कोणता लेख शेवटपर्यंत वाचला जातो, ते आता कळतं!

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला. ॲडमिनमध्ये डेटा रिटेन्शन (तपशीलवार डेटा किती काळ ठेवायचा ते) दोन महिन्यांवर असतं, ते चौदावर न्या. नाहीतर 'एक्सप्लोरेशन' या स्वतः अहवाल बनवायच्या भागात यंदाच्या गणपतीची तुलना गेल्या वर्षीशी करताच येणार नाही.