बालवाडीतला डबा, हात आणि नाडी: या चुका टाळा

मूल बालवाडीत डबा खात नाही अशी तक्रार आली की आधी तो डबा उघडून बघावा. चार कड्यांचं झाकण मोठ्यांनाच जोर लावून काढावं लागत असेल, तर तीन वर्षांच्या बोटांनी काय करायचं? रस सांडू नये म्हणून घेतलेला हवाबंद डबा मुलाला दरवेळी ताईंची वाट बघायला लावतो. सैल झाकणाचा डबा द्या, आणि शाळा सुरू होण्याआधी तो रिकामाच खेळायला द्या. पोळीचंही तसंच. अख्खी पोळी तोडून त्यात भाजी धरणं हे मोठं कसब आहे. सुरुवातीला गुंडाळी किंवा तुकडे द्यावेत, अख्खी पोळी दिवाळीनंतर.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे भरवणं. वर्गात पंचवीस मुलं, सुट्टी अर्ध्या तासाची, मग ताई भराभर घास देतात. डबे रिकामे जातात, आया खूश होतात, आणि मूल मार्चमध्येही तोंड उघडून बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांची स्वच्छता त्यांनी शिक्षणातच धरली होती. आज हात धुणं आणि डबा हे ‘शिकवून झाल्यावर’ उरकायचं काम झालंय. वेळापत्रकात त्याला पाऊण तास द्या. अक्षरं थोडी उशिरा आली तरी चालतात.

‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ हे तर नकोच. वयाच्या पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे या वयात भूक रोज सारखी नसते. काय आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलानं. अर्धी पोळी द्या, हवी तर अजून मागेल. तरीही डबा परत येत असेल, तर निघताना दूध-बिस्किटं पोटात गेलीत का आणि घरी मोबाइलसमोर भरवलं जातं का, हे विचारा. ‘बघ, तिनं संपवला’ म्हटल्यानं कुणाची भूक वाढत नाही.

हात धुण्यात क्रम चुकतो. आधी हात धुवून घेतात, मग मुलं बस्करं ओढतात, चपला सरकवतात, श्लोक होतो, आणि तेच हात डब्यात जातात. बस्करं, डबे मांडून झाल्यावर शेवटी हात धुवा: साबण लावून वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांशीही. नळ उंच असेल तर पाट ठेवा. सगळ्यांना एकच ओला नॅपकिन मात्र नको, धुतलेलं सगळं त्यात वाया जातं.

शू झाली की मूल ओरडा खातं, खरा दोष असतो नाडीचा किंवा घट्ट बटणाचा. इलॅस्टिकची चड्डी घाला. शिकवताना शेवटून सुरुवात करा: चड्डी मांडीपर्यंत तुम्ही चढवा, कमरेपर्यंत त्याला ओढू द्या. जमलं की त्याआधीची पायरीही त्याच्यावर सोपवा. घरी येईपर्यंत शू दाबून धरणारं मूल बहुधा अंधाऱ्या संडासाला किंवा बाहेरून लागणाऱ्या कडीला घाबरलेलं असतं. दार अर्धवट उघडं ठेवून बघा.

एका बाबतीत मात्र मोकळीक नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलांच्या डब्यात नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. तोंडात घास असताना पळणं, हसवणंही बंद.

मूल फक्त पातळच गिळतं, प्रत्येक घासाला ठसका लागतो, वजन वाढत नाही, किंवा कित्येक महिने कोरडं राहिल्यावर पुन्हा कपडे ओले होऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.