लेकराचं किडनी ट्रान्सप्लांट: भूलवाल्या डॉक्टरांना भेटायच्या आधीची तयारी

सोलापुरातनं लेकराला ट्रान्सप्लांटसाठी पुण्याला नेणार असाल तर भूलवाल्या डॉक्टरांसाठी एक फाईल वेगळीच करा. सर्जनला सगळे भरभरून विचारतात आणि यांच्यासमोर गप्प बसतात, पण टेबलावर लेकराचा श्वास, बीपी, पोटॅशियम सगळं हेच सांभाळणार असतात.

सगळ्यात वर शेवटच्या डायलिसिसचा कागद, त्यावर आधीचं-नंतरचं वजन असतं, त्यावरनं अंगात पाणी किती राहिलंय ते कळतं. मग रक्ताचे रिपोर्ट, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडतात तो) करताना नाहीतर कॅथेटर (डायलिसिसची नळी) टाकताना भूल दिली असेल तर तेव्हाचे कागद. औषधांच्या स्ट्रिप्सच घेऊन जा, बीपीची कुठली गोळी त्या सकाळी द्यायची नि कुठली थांबवायची ते विचारूनच करायचं. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून इथंच रक्त चढवून घेऊ असं तर मनानं अजिबात नको, त्यानं अँटीबॉडीज तयार होऊन किडनी जुळणं अवघड होऊ शकतं. फिस्टुलाच्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, हे प्रत्येक नव्या सिस्टरला सांगायचं.

सर्दी-खोकला लपवू नका. एवढ्या मुश्किलीनं तारीख मिळालेली असते म्हणून लोक बोलत नाहीत, पण त्यानं भुलेत श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून जानेवारीत तारीख असेल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत लेकराला नेऊच नका. दात हलत असेल तर तेही सांगा, श्वासाची नळी टाकताना तो पडून श्वासनळीत जाऊ शकतो.

उपाशी ठेवायचं म्हणजे साधारणपणे जेवण 6 तास, आईचं दूध 4 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद, तरी वॉर्डात सांगतील तीच वेळ खरी. लेकरू रडतंय म्हणून आजीनं हळूच बिस्कीट दिलं तर लगेच सांगा, कुणी रागावलं तरी चालेल.

आईच किडनी देणार असेल तर ती दुसऱ्या ऑपरेशन थिएटरात असणार, मग लेकराजवळ कोण थांबणार ते आधीच ठरवा आणि त्या माणसाची लेकराला आधीपासनं सवय लावा.

10 किलोच्या लेकरात सगळं मिळून रक्त साधारण 800 मिली, आणि क्लॅम्प (रक्तवाहिनीला लावलेला चिमटा) सोडला की मोठ्या माणसाची किडनी त्यातलं बरंच ओढून घेते, म्हणून आधीपासनंच सलाईन भरपूर देऊन बीपी चढता ठेवतात. त्यामुळं नंतर तोंड सुजलेलं, मानेच्या शिरेत लाईन (नळी), कधी श्वासाची नळी तशीच, असं दिसेल, घरच्यांना आधी कल्पना द्या. आणि दुखतंय म्हणून ब्रुफेन नाही, घरी आल्यावरसुद्धा नाही.