परदेशात रोज लाईट जायची, मग मी काय केलं

इथे परदेशात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की लाईट रोज जाते, आणि माझं काम सगळं ऑनलाईन, मीटिंग चालू असताना वायफाय गेलं की जीव नुसता कासावीस व्हायचा. लॅपटॉपला बॅटरी असते हो, खरा प्रॉब्लेम राउटरचा. एकदा त्याचा अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघितला तर बारीक अक्षरात १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट! एवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर कशाला? डीसी आउटपुटवाला छोटा यूपीएस घेतला, म्हणजे लाईट गेली तरी राउटरला थेट वीज देणारा बॅटरीचा छोटा डबा. व्होल्टेज आणि पिनचं प्लस-मायनस जुळतंय ना ते मात्र आधी नक्की बघा, चुकलं तर राउटर जळू शकतो.

फ्रिजचं दार लाईट नसताना अजिबात उघडत नाही, दार बंद राहिलं तर साधारण ४ तास गारवा टिकतो. लाईट गेली की प्लग काढून ठेवते आणि आल्यावर ५ मिनिटं थांबूनच लावते, कारण सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं, माझा एक चार्जर त्यातच गेला.

काल मीटिंगमध्ये सगळीकडे अंधार झाला आणि राउटरचा हिरवा दिवा तसाच चालू, इतकं बरं वाटलं ना!